बोट लागली तर चालेल, चुकायला नको

क्रूझचं बुकिंग करताना आपल्या मंडळींचा हात कसा सैल सुटतो ते कधी पाहिलंय? केबिन बाल्कनीवालीच हवी, त्यातही जहाजाच्या मधल्या भागातली, म्हणजे बोट कमी लागते. वायफायचं पॅकेज, किनाऱ्यावरच्या सहली, एक दिवस भारी रेस्टॉरंटात जेवण... चार माणसांचे पाच-सहा हजार डॉलर हां हां म्हणता जातात आणि कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. मग बंदरापर्यंत पोचायचं विमानाचं तिकीट काढायची वेळ येते आणि त्याच माणसाच्या अंगात अचानक किराणा दुकानाचा मुनीम संचारतो. "एअरलाइनच्या साइटवर साडेनऊशे दाखवतायत रे. पण माझा एक एजंट आहे, आठशे दहाला देतोय!" पुढे ते ठरलेलं विजयी हास्य.

हा लेख त्या हास्याविरुद्ध आहे.

आधीच सांगून टाकतो, एजंटकडच्या स्वस्त तिकिटांशी माझं वैर नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसाने भारतात जायचं तिकीट एडिसनच्या नाहीतर जॅक्सन हाइट्सच्या देसी एजंटकडून कधी ना कधी घेतलेलं असतंच. माझं भांडण आहे ते जहाज गाठायला निघालेल्या माणसाने त्या तिकिटाची तुलना फक्त किमतीवर करण्याशी. हा शुद्ध अडाणीपणा आहे. आणि तो करतं कोण? तर ऑफिसात आठवडाभर बफर, रिस्क, डेडलाइन असले शब्द तोंडावर फेकणारी शिकली-सवरलेली मंडळी. एकट्यापुरता असेल तर ठीक, ज्याचं त्याचं नशीब. पण भारतातून आई-बाबांना बोलावून त्यांनाही त्यात बसवलं की तो अडाणीपणा राहत नाही, बेजबाबदारपणा होतो.

तर हा कन्सॉलिडेटर म्हणजे कोण? सोप्या भाषेत, विमानाच्या तिकिटांचा घाऊक व्यापारी. सगळ्या जागा जाहीर भावाने खपणार नाहीत हे विमान कंपनीला ठाऊक असतं. पण स्वतःच्या साइटवर भाव पाडला तर जास्त द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईकही कमीच देणार. म्हणून ती काही एजन्सींशी खाजगी करार करते. तुम्हाला हा निव्वळ दर, वर काय लावायचं ते लावा, पण आमचा दर चारचौघांत बोलू नका. ती एजन्सी पुढे छोट्या एजंटला विकते आणि छोटा एजंट तुम्हाला. यात बेकायदेशीर काही नाही. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये असल्या दुकानांना 'बकेट शॉप' म्हणत. तेव्हा भाडी आंतरराष्ट्रीय करारांनी बांधलेली असायची आणि ही दुकानं ती मागच्या दाराने पाडून विकायची. १९७८ साली अमेरिकेने विमानसेवेवरचं नियंत्रण उठवायचा कायदा केला आणि हळूहळू ते मागचं दार पुढचं झालं.

एजंटलाही हे तिकीट आवडतं, त्याला कारण आहे. १९९५ मध्ये डेल्टाने देशांतर्गत तिकिटावरच्या कमिशनला ५० डॉलरची कमाल मर्यादा घातली, २००२ मध्ये मूळ कमिशन बंदच केलं आणि बाकीच्या मोठ्या अमेरिकन कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. साध्या तिकिटात एजंटला काही सुटेना. निव्वळ दराच्या तिकिटात मात्र आपला नफा आपणच ठरवता येतो आणि गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही. अशा तिकिटावर भाड्याच्या रकान्यात बऱ्याचदा आकडाच नसतो, 'बीटी' किंवा 'आयटी' अशी दोन अक्षरं असतात. तुम्ही आठशे दहा मोजलेत, पण त्यातले विमान कंपनीला किती पोचले हे तिकीट वाचून कळत नाही. परतावा मागायची वेळ आली की ही दोन अक्षरं आठवतात. तोवर नाही.

"अरे पण विमान तेच, सीट तीच, खायला तोच गारढोण पास्ता. मग फरक काय?" हा हमखास येणारा प्रश्न. सीट तीच, करार वेगळा. जाहीर भावाच्या तिकिटात तुम्ही आणि विमान कंपनी असे दोघंच असता. कन्सॉलिडेटरच्या तिकिटात मध्ये दोन माणसं येऊन बसतात. तिकिटावर बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, परतावा नाही, दुसऱ्या कंपनीच्या विमानावर वर्ग करता येणार नाही. माइल्स कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत. अमेरिकेत विमान कंपनीकडून थेट तिकीट घेतलं, आणि प्रवासाला निदान सात दिवस असले, तर चोवीस तासांत ते फुकट रद्द करायची नाहीतर पैसे न भरता त्या भावाला धरून ठेवायची सोय कंपनीला द्यावीच लागते. तो नियम एजंटला बांधील नाही. तारीख बदलायला कंपनीला फोन केला की उत्तर येतं, "तुमच्या एजंटशी बोला." एजंट शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद करून गेलेला. आणि क्रूझ सुटतात कधी? बऱ्याचशा शनिवार-रविवारी!

पण खरी गोम आणखी आत आहे. विमान कंपन्या वेळापत्रकं सतत बदलतात. बुकिंग आणि प्रवास यांत पाच-सहा महिने असले तर एखादा बदल होणारच असं धरून चाला. तुम्ही थेट बुकिंग केलं असेल तर ईमेल तुम्हाला येते. एजंटमार्फत केलं असेल तर बदलाचा निरोप आधी जातो एजंटच्या आरक्षण प्रणालीतल्या रांगेत. ती रांग कुणीतरी रोज उघडून बघायची असते, बदल स्वीकारायचा असतो, जोडविमान आता मिळतंय का ते तपासायचं असतं. शेकडो बुकिंगं सांभाळणारा छोटा एजंट ती रांग कधी बघतो, हे त्याचं तोच जाणे. ज्या रांगेत निरोप पडत राहतात आणि वाचणारं कुणी नसतं तिचं शेवटी काय होतं, हे सॉफ्टवेअरवाल्यांना मी सांगायला नको.

याचा एक ऐकीव नव्हे, जवळून पाहिलेला नमुना सांगतो. ऑफिसमधला एक मित्र, त्याची बायको आणि कोल्हापूरहून येणारे त्याचे आई-बाबा, असे चौघंजण बार्सिलोनाहून सात दिवसांच्या क्रूझला निघाले. हा आणि बायको नूअर्कहून आदल्या दिवशी पोचले. आई-बाबांचं तिकीट मुंबईहून, मध्ये एक थांबा, एका एजंटकडून, क्रूझच्या दिवशी सकाळी साडेआठला पोचणारं. एक दिवस आधीचं का नाही? तर हॉटेलच्या जादा खोलीचे दोनशे युरो वाचत होते म्हणून. प्रवासाच्या सात आठवडे आधी विमान कंपनीने मुंबईहून सुटणारं विमान पुढे ढकललं, जोडविमान हुकायला लागलं आणि प्रणालीने आपणहून त्यांना त्यानंतरच्या विमानात टाकलं. ते पोचणार दुपारी चार चाळीसला. जहाज सुटणार पाचला. निरोप एजंटच्या रांगेत पडून राहिला. मुंबईच्या विमानतळावर बोर्डिंग पास हातात पडला तेव्हा घरच्यांना हे कळलं.

तोपर्यंत बार्सिलोनात मुलगा-सून जहाजावर चढायच्या तयारीत. बॅगा देऊन झालेल्या. दोघं चढून गेले असते तर म्हातारी माणसं परक्या देशात एकटी, भाषा येत नाही. न चढावं तर चौघांची क्रूझ बुडाली. ते चढले नाहीत. बॅगा परत मिळवायला दोन तास गेले आणि धक्क्यावरून जहाज जाताना त्यांनी पाहिलं. एजंटचं म्हणणं, "बदल एअरलाइनने केला." एअरलाइनचं म्हणणं, "आम्ही एजंटला कळवलं होतं." दोघंही खरं बोलत होते, हीच त्यातली मजा. आणि संध्याकाळी विमानतळावर आईने मुलाला विचारलेला पहिला प्रश्न, "तुमचे पैसे परत मिळतील ना रे?" नाही मिळाले.

आता जहाजाकडे वळू. आपल्या मनात कुठेतरी एसटी बसलेली असते. "कंडक्टर, जरा थांबा हो, आमची दोन माणसं येतायत," असं म्हटलं की कंडक्टर कुरकुरत का होईना, घंटी मारायचा थांबतो. गेटवेवरून मांडव्याची बोट चुकली तर पुढची मिळते. क्रूझच्या जहाजाचं तसं नाही, आणि तो काही कप्तानाचा उर्मटपणा नव्हे. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजाला प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या किमान साठ मिनिटं आधी सरकारकडे पाठवावी लागते, म्हणून चेक-इन तास-दीड तास आधीच बंद होतं. बंदरातला पायलट ठरलेल्या वेळेला येतो, धक्क्याचं भाडं घड्याळावर चालतं. आणि उशीर भरून काढायला वेग वाढवायचा तर इंजिनाला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनात वाढते. म्हणजे वेग दहा टक्के वाढवला की ताकद एक तृतीयांशाने जास्त. तुमच्या दोघांसाठी तेवढं तेल कोण जाळणार?

मार्च २०२४ मध्ये साओ टोमे बेटावर नॉर्वेजियन डॉन जहाजाचे आठ प्रवासी खाजगी सहलीहून उशिरा परतले. जहाज अजून समोर नांगरलेलं होतं, तरी त्यांना घेतलं नाही. मग ही मंडळी देशोदेशी फिरत गांबियाला पोचली, तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलमधल्या डाकारला ते गाठलं. जगभर बातमी झाली, लोकांनी कप्तानाला शिव्या घातल्या, काहींनी प्रवाशांना. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की जे आधीच जहाजाचे प्रवासी होते, ज्यांच्या बॅगा केबिनमध्ये होत्या, त्यांच्यासाठी जर जहाज थांबलं नाही तर विमानतळावरून टॅक्सीत बसून "पोचतोच आहोत" म्हणणाऱ्यासाठी का थांबावं?

"मग पुढच्या बंदरात गाठू की!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा छापील टी-शर्ट निघायला हरकत नाही. दरवेळी ते जमतं असं नाही, आणि त्याला १८८६ सालचा एक कायदा आडवा येतो. अमेरिकेच्या या जुन्या कायद्याप्रमाणे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत, मध्ये एखादं दूरचं परदेशी बंदर लागल्याखेरीज. आणि मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा असल्या झेंड्यांची. हवाईला फिरणारं 'प्राइड ऑफ अमेरिका' हा अपवाद. आता सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत येणारी अलास्काची क्रूझ घ्या. सिअ‍ॅटलला चढलात, सिअ‍ॅटललाच उतरलात, मध्ये कॅनडातलं व्हिक्टोरिया लागलं, की कायद्याचं समाधान होतं. पण सिअ‍ॅटलला जहाज चुकलं म्हणून तुम्ही जुनोला चढलात, तर तुमचा प्रवास जुनो ते सिअ‍ॅटल होतो, दोन्ही बंदरं अमेरिकेची. व्हिक्टोरिया हे 'दूरचं' बंदर धरत नाहीत. म्हणजे पदरचे पैसे घालून जुनोला पोचलात तरी क्रूझ कंपनी तुम्हाला साधारणपणे चढू देणार नाही. व्हिक्टोरियाला चढता येईल खरं. पण ते बंदर बऱ्याच वेळापत्रकांत शेवटच्या संध्याकाळी येतं, आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवा तो हवाच. एका रात्रीची क्रूझ, घ्या लाभ :)

कॅरिबियनमध्ये आणखी एक पेच आहे, तो आपल्यासारख्यांचाच. काही देश जहाजावरून दिवसभर उतरणाऱ्या प्रवाशाला व्हिसा मागत नाहीत. तोच माणूस विमानाने आला की नियम वेगळे. अमेरिकन पासपोर्टवाला शेजारी जहाज चुकल्यावर पुढच्या बेटाचं विमान पकडून मोकळा होतो. आपल्या निळ्या पासपोर्टला तीच गोष्ट दर बेटागणिक तपासावी लागते. तेव्हा 'त्यांना जमलं, आपल्यालाही जमेल' हा हिशोब इथे लागू नाही.

आता आक्षेप.

"मी दहा वर्षं एजंटकडूनच तिकीट घेतोय, काही झालं नाही." बरोबर आहे, कारण ती तिकिटं भारतात जायची होती. मुंबईला विमान आठ तास उशिरा पोचलं तर काय होतं? काका विमानतळावर ताटकळतात आणि आईने केलेलं जेवण परत गरम होतं. पुणं कुठे सुटून जात नाही. दहा वर्षांचा अनुभव हा सैल डेडलाइनचा अनुभव आहे, तो कडक डेडलाइनला लावता येत नाही. आणि 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावं. डिसेंबर २०२२ मध्ये साउथवेस्टची सोळा हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली, कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर कोलमडलं म्हणून. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनंतर एकट्या डेल्टाची पाच दिवसांत सुमारे सात हजार. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी नीट न झाल्यामुळे इंडिगोची हजारो. असल्या गोंधळात हजारो माणसं उरलेल्या मूठभर जागांवर तुटून पडतात. तिथे दर्जा, भाडं आणि तिकिटाच्या अटी बघून क्रम लागतो. सगळ्यात कमी पैसे दिलेला आणि दुसऱ्या कंपनीवर वर्ग न होणारं तिकीट घेतलेला माणूस त्या रांगेत कुठे उभा असेल, विचार करा.

"इन्शुरन्स आहे ना!" असावाच. पण वाचलाय का? चुकलेल्या जोडविमानाचं कलम बहुतेक पॉलिसींत ठरावीक तासांच्या उशिरानंतर आणि ठरावीक कारणांसाठीच लागू होतं, आणि रकमेला मर्यादा असते. सात आठवड्यांपूर्वी झालेला, एजंटच्या रांगेत पडून राहिलेला वेळापत्रकाचा बदल म्हणजे 'उशीर' नव्हेच. तिकिटाप्रमाणे विमान वेळेवर होतं!

"युरोपात प्रवाशांना भरपाई मिळते." मिळते, २००४ च्या नियमाप्रमाणे. पण युरोपबाहेरून, युरोपबाहेरच्या कंपनीच्या विमानाने तुम्ही युरोपात येत असाल तर तो नियम लागू नाही. मुंबई-आखात-बार्सिलोना हा आपल्या मंडळींचा आवडता मार्ग, आखाती कंपनीने गेलात तर तो नियमातून साफ निसटतो. मॉन्ट्रियल करारात उशिरापायी झालेल्या नुकसानीची तरतूद आहे, पण 'आम्ही शक्य ते सगळं केलं' हे कंपनीने सिद्ध केलं की ती सुटली. ते सिद्ध होत नाही म्हणून तुम्ही वकील लावणार का, एका बुडालेल्या सुट्टीसाठी?

"मग क्रूझ कंपनीकडूनच विमानाचं तिकीट घ्यायचं का?" हा एकमेव आक्षेप ज्यात दम आहे. प्रिन्सेसचं ईझीएअर, रॉयल कॅरिबियनचं एअर टू सी असे कार्यक्रम आहेत. गंमत अशी की त्यातली बरीच तिकिटंही करारातल्या दराचीच असतात, म्हणजे कन्सॉलिडेटरच्या तिकिटाची चुलत भावंडं. पूर्वी तर क्रूझ कंपनी कुठल्या विमानाने नेईल ते शेवटपर्यंत कळायचं नाही आणि आपल्या मर्जीची वेळ हवी असेल तर वर फी भरावी लागायची. मग फरक काय? फरक एवढाच की विमान लेट झालं तर तुम्हाला जहाजापर्यंत किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायचं ओझं ते आपल्या डोक्यावर घेतात. अटी असतात, त्या वाचा. भीती दाखवून महाग तिकीट गळ्यात मारायची सवयही त्यांना आहे, तेव्हा भाव ताडून बघा. पण तिकीट विकणाऱ्याच्या हिशोबात जहाज आहे की नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. क्रूझ कंपनीच्या हिशोबात ते आहे. एजंटच्या हिशोबात ते नाही. तुम्ही धक्क्यावर पोचलात की हॉटेलात झोपलात, त्याचा नफा तोच.

आता आकडे मांडू. चार माणसं, दर तिकिटामागे १४० डॉलरची बचत, एकूण ५६०. क्रूझ चौघांची ५,६०० ची. नुसता गुणाकार केला तर स्वस्त तिकिटामुळे जहाज चुकण्याची शक्यता पूर्ण दहा टक्क्यांनी वाढली, तरच बचत आणि तोटा बरोबरीत येतात. दहा टक्के म्हणजे फारच झाले. "बघ! आमचंच बरोबर!" थांबा. जहाज चुकलं की तोटा ५,६०० वर थांबत नाही. ऐन वेळची हॉटेलं, ऐन वेळची परतीची तिकिटं, वर्षाला मिळणाऱ्या पंधरा दिवसांच्या रजेतली अर्धी रजा. शिवाय सरासरी काढायची असते ती हजारदा खेळायच्या खेळात. सत्तरीतले आई-बाबा व्हिसाच्या मुलाखती देऊन, गुडघ्यांना पट्टे बांधून अशा प्रवासाला किती वेळा येणार? एकदा, फार तर दोनदा.

पण हे सगळं बाजूला ठेवा, कारण माझा मुख्य मुद्दा याहून साधा आहे. स्वस्त तिकीट की महाग तिकीट हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. वाचलेल्या ५६० डॉलरमधून आदल्या रात्रीच्या हॉटेलच्या दोन खोल्या घ्या. तीनशे जातील. तरीही २६० खिशात राहतात आणि चार-सहा तासांच्या उशिराने जे जहाज चुकलं असतं ते आता पूर्ण दिवसाच्या उशिराशिवाय चुकत नाही. म्हणजे जो माणूस स्वस्त तिकीट घेतो आणि त्याच दिवशी सकाळी पोचायचा बेत करतो, तो काटकसरीच्या स्वतःच्याच कसोटीवर नापास आहे. त्याने बचत केलेली नाही, त्याने विमा विकून त्याचे पैसे आइस्क्रीमला लावलेत. कंजूषपणा करायचा तर निदान हिशोब तरी नीट यायला हवा!

आणि कन्सॉलिडेटरचं तिकीट खरोखर उपयोगी पडतं अशा जागा आहेत, तिथे ते जरूर घ्यावं. अमेरिकेतल्या अमेरिकेत, समजा शिकागोहून मायामीला जाताना, त्यात फारसं काही सुटत नाही, तिथे थेट कंपनीकडून घ्यावं. पण लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास, ऐन सीझन, बिझनेस क्लास, किंवा बार्सिलोनाला चढून अथेन्सला उतरायचं असल्यामुळे एकेरी तिकिटं लागतायत, तिथे जाहीर भाव आणि कराराचा भाव यांतली तफावत मोठी असू शकते. तेव्हा घ्या, पण डोळे उघडे ठेवून. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. 'कॅश किंवा चेक दिलात तर तीन टक्के कमी' हे आमिष म्हणजे भांडायचा हक्क तीन टक्क्यांत विकणं. स्टेटमेंटवर कुणाचं नाव येतं ते बघा, कारण अमेरिकेच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे, उड्डाण रद्द झालं नाहीतर फार बदललं तर परतावा कुणी द्यायचा हे त्या नावावर ठरतं. एजंटने दिलेला बुकिंग क्रमांक पुरेसा नसतो, विमान कंपनीचा स्वतःचा सहा अक्षरांचा क्रमांक मागून घ्या आणि तेरा आकडी तिकीट क्रमांकही. त्याचे पहिले तीन आकडे कंपनीची ओळख सांगतात, एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. तिकीट क्रमांक मिळाला नाही तर तुमच्याकडे नुसतं आरक्षण आहे, तिकीट नाही, आणि मुदत उलटली की ते गुपचूप रद्द होतं. मग कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतःचा फोन आणि ईमेल त्या बुकिंगला जोडा आणि दर आठवड्याला स्वतः उघडून वेळा तपासा. एजंट करेल म्हणून बसू नका. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असू द्या, दोन वेगळी तिकिटं जोडलीत तर पहिलं विमान लेट झाल्याचं दुसऱ्याला सोयरसुतक नसतं.

हे सगळं करायला कंटाळा येत असेल तर तसं कबूल करा आणि एकशे चाळीस डॉलर जास्त भरून थेट कंपनीकडून तिकीट घ्या. त्यात कमीपणा काही नाही. ते एकशे चाळीस डॉलर म्हणजे दुसऱ्या कुणीतरी करायच्या कामाची मजुरी आहे. कन्सॉलिडेटरचं तिकीट स्वस्त आहे कारण ते काम त्याने तुमच्याकडे सरकवलंय. काम घ्यायचं नाही, मजुरीही द्यायची नाही आणि वर पार्टीत 'माझा एक एजंट आहे' म्हणून हसायचं, हे चालायचं नाही.

बाकी बोट लागण्यावर गोळ्या मिळतात, आलेपाकाची वडीही चालते. बोट चुकण्यावर औषध एकच, आदल्या दिवशी पोचणं. असो.